फ्रिजमध्ये जागी झालेली बी

मी सफरचंदाची बी. आता मला पानं आहेत, तुम्ही रोप म्हणाल. पण माझं निम्मं आयुष्य फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यात गेलं.

माझे मालक शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि वर्षभरातच उजवं अंग लुळं पडलं. जीभ मात्र शाबूत राहिली. मुलाने पाठवलेल्या पेटीतलं सफरचंद खाताना मी त्यांच्या दाताखाली आले. मला तळहातावर काढून त्यांनी हाक मारली, "बेबी, बाकीच्याही बिया काढ. आपण झाडं करू."

बेबी म्हणजे त्यांची मुलगी. चाळिशीची, नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. सकाळी दातांच्या दवाखान्यात काम करायची, उरलेला दिवस वडिलांचं.

तिने आम्हाला धुतलं, ओल्या कागदात गुंडाळून डबीत ठेवलं आणि वरचा बर्फाचा कप्पा उघडला.

"तिथे नको! त्यांना हिवाळा वाटला पाहिजे, मरण नाही. एवढंही कळत नाही तुला?"

मग आम्ही खाली, अर्ध्या कापलेल्या लिंबाशेजारी राहिलो. गारठ्याचा आम्हाला त्रास नसतो. थंडी भोगल्याशिवाय आम्हाला जागच येत नाही. दर रविवारी बेबी डबी उघडायची आणि दवाखान्यातल्या चिमट्याने बुरशी आलेल्या बिया उचलायची.

"सडकी घरात ठेवली की चांगलीही लांब पळतात," मालक एकदा म्हणाले. "तुझा भाऊ काय उगाच इथे राहत नाही?"

चिमटा क्षणभर थांबला. मग पुन्हा चालू लागला.

एका रविवारी माझं साल फुटलं आणि पांढरा कोंब बाहेर आला. बेबी डबी घेऊन धावतच पलंगापाशी गेली. "बाबा, बघा ना, आला!" तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मालकांनी चष्मा मागितला. निरखून पाहिलं. "छान. माझ्या मुलाच्या अंगणात लावू."

आम्ही पाच जणी उगवलो. बेबीने कागदी पेल्यांना सुईने भोकं पाडली, माती भरली, आम्हाला खिडकीत मांडलं. पानं धरल्यावर तिने भीतभीत विचारलं, "एक मी दवाखान्याच्या दारात लावू?"

"तुझ्या हातात दिलेलं आजवर काय टिकलंय?"

मुलगा आला. आम्हाला पाहून हसला, फोटो काढला. "विमानात माती नेऊ देत नाहीत, बाबा. आणि बीपासून केलेलं झाड फळायला आठ-दहा वर्षं लागतात. तोवर..." त्याची नजर पलंगावर गेली. संध्याकाळी निघूनही गेला.

दुसऱ्या दिवशी मालक म्हणाले, "बेबी, उपटून टाक सगळी."

"राहू द्या ना, बाबा. मी सांभाळते."

"उपट म्हटलं ना! इथे, माझ्यासमोर."

तिने उपटली. चौघींची मुळं तुटताना मी ऐकली. तिची बोटं माझ्या खोडाला लागली तेव्हा मालकांचा आवाज फाटला. "एवढं एक राहू दे गं."

बेबीने हात मागे घेतला. मला पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, त्यांचा धडधाकट हात जिथवर पोचतो त्याच्या जरा पलीकडे. त्या दिवसापासून मला पाणी नाही.

"बेबी, रोपाला पाणी घाल."

"हो, बाबा."

ती हो म्हणते आणि निघून जाते. बाकी कशात कसूर नाही. औषध वेळेवर, कूस बदलणं वेळेवर, चादर स्वच्छ. शेजारीण म्हणते, "लेक असावी तर अशी!" मालक माझ्याकडे बघत राहतात.

काल तिने त्यांना चमच्याने पाणी पाजलं. त्यांनी ते गिळलं नाही. तिची पाठ वळताच मान उचलली आणि गाल फुगवून माझ्या दिशेने फुंकलं. सगळं त्यांच्याच छातीवर सांडलं.

बेबीने वळून पाहिलं. तिला कळलं. तिने हनुवटी पुसली, ओला सदरा बदलला, बटणं लावली. मग पायाने स्टूल आणखी थोडं मागे सरकवलं.

माझ्या पानांच्या कडा करपल्यात. झाड व्हायची हौस होती, ती आता उरली नाही. या घरी कधी आलात तर माझ्यासाठी पाणी आणू नका. मला फक्त त्या दोघांच्या मधून उचला.