उगाच ठेवलेला रकाना

मी एक रकाना बोलतोय. पैठणच्या एका साडीकेंद्राच्या डेटाबेसमधला, अगदी शेवटचा. नाव एक्स्ट्रा टू. माझ्या बारशाला कुणी फार डोकं चालवलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

रंग, काठ, पदर असे मानाचे रकाने आखून झाल्यावर 'लागलाच कधी तर असू दे' म्हणून मला जोडलं. वर्षभर मी रिकामा. ऐट मात्र अशी, की दोनशे पंचावन्न अक्षरं मावतील एवढं पोट घेऊन बसलो होतो!

मग केंद्रातल्या दीपमालाला साडी विणणारीचं नाव लिहायचं होतं. त्याला जागाच केलेली नव्हती. तिनं माझ्यात लिहिलं, चतुराबाई. तीस वर्षं माग चालवलेल्या बाईचं नाव पहिल्यांदा कुठंतरी लिहिलं गेलं, तेही माझ्यासारख्या रिकामटेकड्याकडे.

यंदा वेबसाइट नव्यानं करायचं काम छत्रपती संभाजीनगरच्या आमरीनकडे आलं. तिनं क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घालायचा प्रश्न, चालवली आणि आलेल्या निकालाला विचारलं, रकाने किती, नावं काय, प्रकार कोणता, लांबी किती? मी छाती फुगवून सगळं सांगितलं. आत काय आहे, हे तिनं विचारलंच नाही. वरच्या दहा जुन्या ओळी तेवढ्या पाहिल्या, त्यांत मी नेमका रिकामा.

"हा उद्या काढून टाकते," ती म्हणाली.

मी घाबरलो. मी गेलो असतो तर कुणी रडलं नसतं, पण माझ्याबरोबर चतुराबाईंचं नावही गेलं असतं.

मला वगळून केलेलं पान तिनं दीपमालाला बघायला पाठवलं. लगेच फोन आला.

"मॅडम, विणणारीचं नाव कुठं गेलं?"

"तसा रकानाच नाहीये ना."

"हाये की! एक्स्ट्रा टूमधी. मीच भरते."

"या अल्लाह! मी उद्या उडवणार होते."

आमरीननं मला घाईघाईनं पानावर घेतलं. ते पान रकान्यांची नावं विचारून तीच मथळ्यात छापतं, त्यामुळं माझंही छापलं.

चतुराबाई केंद्रात आल्या. नजर गेल्यामुळं त्यांचा माग आता बंद आहे. दीपमालानं मोबाइलवरून वाचून दाखवलं, "एक्स्ट्रा टू, चतुराबाई." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी काय म्हनलीस?"

"ते चुकून आलंय, मावशी. मॅडम बदलनार हायेत."

"बदलू दे. फुडं माझंच नाव हाय ना? परत वाच, माय."

उद्या माझं नाव 'विणकर' होणार आहे. तुम्ही कधी रकाने काढायला बसलात तर खालच्या ओळीपर्यंत बघा, एवढंच मागणं.

दीपमालानं तीनदा वाचलं. तिन्ही वेळा चतुराबाईंच्या आधी माझं नाव घेतलं गेलं, आणि त्या ऐकत उभ्या राहिल्या.