तिसऱ्या धबधब्याच्या पायऱ्या

बाईंनी काठीचं टोक ओढ्यातल्या दगडावर टेकवलं, तो हलतो का ते दोनदा पाहिलं आणि मगच त्यावर पाय ठेवला.

"दगडाची तोंडी परीक्षा घेतेयस का गं, वहिनी?" मागून नणंद म्हणाली. "पास कर त्याला आणि पुढे हो. माझे मोजे भिजले."

"घाई करू नका, वन्सं. घाईत पडलेली माणसं मी पुष्कळ उचलली आहेत."

ओढा ओलांडून दोघी पलीकडे आल्या. डाव्या हाताला झाडांच्या खोडांमधून तळं दिसत होतं, गडद हिरवं आणि निवांत. त्याच्याभोवतीच्या डोंगरातून तीन धबधबे खाली येतात. पहिला अगदी वाटेवर, कुणीही चपला काढून त्यात उभं राहावं असा. दुसरा तासाभराच्या चढावर, त्याच्यासमोर अंगणाएवढा सपाट कातळ. तिसरा त्याहून वर आणि शेवटचं वळण घेईपर्यंत न दिसणारा.

बाईंना तिसऱ्यापर्यंत जायचं होतं, आणि ते आजच. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "त्यानंतर घरात फिरा, बाजारात फिरा. डोंगराचं नाव मात्र काढू नका."

सव्वीस वर्षं दर साली सातवीचा वर्ग घेऊन बाई या वाटेवर आल्या होत्या. कवायतीचे सर पुढे असायचे आणि बाई रांगेच्या शेवटी. शाळेचा नियमच होता तसा. शेवटचं मूल जिथे थांबेल तिथे बाईंनी थांबायचं. आणि कुणीतरी थांबायचंच. कुणाच्या पोटात दुखायचं, कुणाच्या टाचेला फोड यायचा, कुणाला उंचीची भीती वाटायची आणि तो पोटात दुखतंय म्हणायचा. मग त्या पोराबरोबर बाई दुसऱ्या धबधब्याच्या कातळावर बसून राहायच्या. बाकीची पोरं वर जाऊन ओलीचिंब होऊन यायची आणि लांबूनच ओरडायची, "बाई, सात पायऱ्या! पाणी सात पायऱ्या उतरतं!"

दुसऱ्या दिवशी बाई फळ्यावर तो धबधबा काढायच्या, सात पायऱ्यांचा. मग निबंध. असा तो धबधबा बाईंना तोंडपाठ होता. फक्त त्यांनी तो पाहिला नव्हता.

ही गोष्ट घरात पहिल्यांदा कळली ती गेल्या आठवड्यात. ऐकून नणंदेने हातातला चहा खाली ठेवला होता. "म्हणजे सव्वीस वर्षं न बघितलेल्या गोष्टीवर तू मार्क देत होतीस? धन्य आहेस बाई! चल, मी येते." बाईंचे यजमान गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत होत्या, आणि भांडायला दुसरं कुणी नसल्यामुळे एकमेकींना फार जपत होत्या.

दुसऱ्या धबधब्यापर्यंत येता येता मात्र नणंदेचं बोलणं कमी झालं. ती गप्प झाली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे बाईंना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. कातळ दिसताच नणंद त्यावर बसली, मग हळूहळू आडवीच झाली.

"छातीत दुखतंय का?"

"नाही गं. दम लागलाय. आता मला इथून हलवायचं तर चार माणसं लागतील. तू जा वर."

बाई तिच्या शेजारी बसल्या. पिशवीतून संत्रं काढून सोलू लागल्या.

"तू का बसलीस?"

"तुम्हाला एकटं टाकून जाऊ?"

"मी काय सातवीतली पोर आहे? एकाहत्तरावं लागलंय मला!"

बाईंनी संत्र्याची एक फोड तिच्या हातावर ठेवली. मग वर झाडीत जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं. घड्याळात सव्वा वाजला होता आणि तीननंतर वरची वाट बंद होते, असं खाली फाटकावर लिहिलं होतं. त्यांनी दुसरी फोड सोलली. नंतर तिच्यावरचे पांढरे धागेही काढत बसल्या.

"वहिनी, तू उठली नाहीस तर मी इथेच रडायला लागेन हं," नणंद म्हणाली. तिचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता.

तेवढ्यात खालच्या वाटेने जंगलखात्याची एक वनरक्षक चढून आली. हिरवा गणवेश, कमरेला वायरलेस, पस्तिशीची असावी. कातळावर पाय ठेवताच ती थबकली आणि तिने डोक्यावरची टोपी काढली.

"बाई! ओळखलंत? तुमच्या हाताखालून गेलेय मी."

बाईंनी तिचा चेहरा निरखला. एवढ्या चेहऱ्यांमधून तो चटकन सापडेना. "डोळे ओळखीचे आहेत," त्या खरं तेच म्हणाल्या.

नणंदेने उठून बसत सगळी हकिकत एका दमात सांगितली. गुडघे, ऑपरेशन, तिसरा धबधबा, आणि ही हट्टी बाई जागची हलत नाही. वनरक्षक हसत ऐकत होती. 'तिसरा' म्हटल्यावर मात्र तिचं हसू जरा कमी झालं.

"वर जायचंय, बाई? तुम्ही स्वतः?" तिने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "नाही, वाट चांगली आहे. मी बसते मावशींपाशी. पण पाणी जोरात आहे सध्या. पायऱ्या काही नीट मोजता यायच्या नाहीत."

"मोजायला कोण चाललंय? बघायला चाललेय," बाई म्हणाल्या आणि काठी घेऊन उठल्या.

पहिली शंभर पावलं त्यांना चमत्कारिक वाटली. चारचारदा त्या मागे वळून पाहत होत्या. मागे कुणी नव्हतं. कुणाची नाडी सुटली नव्हती, कुणाचा डबा राहिला नव्हता. मग गुडघ्यांनी लक्ष वेधून घेतलं आणि त्या एकेक पाऊल बघून चढू लागल्या. मुळांना धरत, थांबत, मध्येच स्वतःला "शाबास" म्हणत.

शेवटचं वळण घेतलं आणि तोंडावर गार तुषार आले.

धबधबा त्यांनी फळ्यावर काढला होता त्याहून रुंद होता. पाणी काळ्या कड्यावरून पुढे यायचं, एका पायरीवर आपटून पांढरं व्हायचं, क्षणभर थांबल्यासारखं करायचं आणि पुन्हा उडी घ्यायचं. कड्याच्या फटीत नेचे वाकून पाणी पीत होते. आवाज एवढा होता की बाईंना स्वतःचा श्वास ऐकू येईना. त्या कठड्याला धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मास्तरकीची सवय, काठी आपोआप वर झाली.

एक, दोन, तीन, चार.

चौथ्या पायरीखाली डोह होता. बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. चार. थोडं बाजूला सरकून पाहिलं. पाणी जोरात होतं, पण पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. सातवीतल्या कुठल्याही पोराला मोजता आल्या असत्या.

सव्वीस वर्षांचे निबंध त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. सात, सात, सात. फक्त एका वहीत 'चार' होतं. त्याखाली त्यांनीच लाल शाईने रेघ मारून लिहिलं होतं, 'पुन्हा मोज.'

बाईंनी चष्मा परत काढला. या वेळी काच पुसून भागेना. डोळे पुसावे लागले.

त्या उतरून आल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. नणंद आणि वनरक्षक संत्री खात बसल्या होत्या.

"आलीस? अगं, पार न्हाऊनच आलीस की! बघितल्यास सात पायऱ्या?"

"चार आहेत," बाई म्हणाल्या.

वनरक्षकेने मान खाली घातली.

"किती वर्गांना ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तिने वर पाहिलं.

"पहिला सोडून सगळ्यांना. पहिल्या वर्षी कुणी मोजल्याच नव्हत्या, कुणीतरी फुशारकीने सात सांगितल्या आणि तुम्ही फळ्यावर सात काढल्या. दुसऱ्या वर्गाने वर जाऊन मोजल्या तर चार. उतरून आले तर तुम्ही इथे एका पोराचे पाय चेपत बसलेल्या. कुणाची जीभच रेटेना, बाई. आपल्यातल्या एकासाठी या खाली राहिल्या आणि आपण जाऊन त्यांची चूक काढायची? मग ठरलं, सातच. प्रत्येक सातवी जाताना सहावीला सांगून जायची."

"आणि कुठलाही वर्ग फुटला नाही?"

"एकदा फुटला. मी फोडला." ती कानापर्यंत लाल झाली. "अख्ख्या वर्गाने दोन दिवस कट्टी घेतली माझ्याशी."

"'पुन्हा मोज' ते तुझ्या वहीत होय?"

"हो. आता नोकरीच इथली. रोज मोजते, बाई. चारच भरतात."

नणंद एवढी हसली की तिला ठसका लागला. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोच हात वनरक्षकेच्या खांद्यावर ठेवला. "बरोबर होतं तुझं," त्या म्हणाल्या.

"पुरे आता तुमचं गणित," नणंद डोळे पुसत म्हणाली. "वर आहे तरी कसं, ते मला सांगेल का कुणी?"

बाई कातळावर टेकल्या. ओल्या पदराचं टोक पिळून त्यांनी सुरुवात केली. कडा किती काळा आहे, पहिल्या पायरीवर पाणी कसं फुटतं, नेचे कसे वाकतात, आणि चौथी पायरी सगळ्यांत उंच. बोलता बोलता त्या काठीने कातळावर चित्र काढू लागल्या. वाट बंद करायला अजून वेळ होता. दिवसातून दोनदा त्या धबधब्यापर्यंत जाणारी वनरक्षक मांडी घालून समोर बसली, हनुवटीखाली दोन्ही मुठी ठेवल्या, आणि बाई जरा श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा पुढे सरकून तिने विचारलं,

"मग, बाई?"