दाताखालचा मणी

मुलीने आईशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याला आईची जीभच कारण होती. मुलीने निवडलेल्या माणसाला ती त्याच्या देखतच नाही नाही ते बोलली होती. काही वर्षं गेली आणि अचानक मुलीचा फोन आला. "लग्न करतोय आम्ही. लग्नात घालायचं माझं जॅकेट तू भरून देशील?" लग्नाला ये, असं काही ती म्हणाली नाही. पण आईला तेवढ्यानेही आभाळ ठेंगणं झालं. जॅकेट मनासारखं झालं तर पोरगी 'ये'ही म्हणेल, या एका आशेवर ती कामाला बसली.

आयुष्यभर भरतकाम केलेली बाई ती. पांढऱ्या कापडावर तिने रेशमी दोऱ्याने वेल भरली, फुलांच्या मधोमध काचमणी गच्च बसवले, कडेला शिंपल्याची इवलीशी बटणं टाकली. छातीवरच्या शेवटच्या फुलाला मणी कमी पडले. डब्याच्या तळाशी त्याच रंगाच्या मण्यांची एक जुनी पुडी निघाली. भरतकाम करणाऱ्या बायका मणी दाताखाली धरून पारखतात. काच कटकन वाजते, प्लॅस्टिक मऊ लागतं. तिनेही एक धरला. वाजला. मग काय, पुडी रिकामी केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिने जॅकेट टॉवेलवर पालथं घालून इस्त्री फिरवली, आणि जळका वास आला. उलटून बघते तर छातीवरच्या फुलाचा चिकट लगदा झालेला, आणि खालचं कापड करपलेलं.

"अगं, वाजला होता की!" ती स्वतःवरच ओरडली. मग तिचा हात तोंडाकडे गेला. वाजली होती ती कवळी. कवळी बसल्यापासून मणी पारखायची वेळच आली नव्हती, सगळा माल बंद पाकिटातून यायचा. डोक्यात प्रकाश पडला, पण फार उशिरा.

डागावर बटणांची दाटी करावी म्हणून तिने सुई घातली. करपलेलं कापड टाक्यागणिक फाटत गेलं. तरी मेली सुई काही तिला सोडवेना. तेवढ्यात जॅकेट न्यायला आलेली मुलगी दारात उभी.

"हे काय केलंस?"

"मणी प्लॅस्टिकचे निघाले गं."

"तुला कळलं नाही? तुला?" मुलीचा आवाज चढला. "करायचं नव्हतं तर फोनवरच सांगायचंस. एवढा सूड कशाला?"

"सूड नाही गं बाई, तुझी शपथ!"

"शपथा पुरे." मुलीने पर्स उचलली.

आता ही गेली की कायमची गेली, हे आईला कळून चुकलं. तिने तोंडात बोटं घातली, कवळी काढली आणि लेकीपुढे धरली. तिचे गाल एकदम आत गेले. "हिच्यावर सगळंच वाजतं," ती बोबडं बोलली. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलीने पर्स खाली ठेवली.

"दात कधी गेले तुझे?"

"तू गेल्यावर. एकेक करून."

"मला कळवायचं नाही?"

"कुठल्या तोंडाने कळवू?"

मुलगी खुर्चीत बसली. फाटलेल्या फुलावरून तिने बराच वेळ बोट फिरवलं. "हे काही उद्या घालता यायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "दुसरं काहीतरी बघते."

आईने मान खाली घातली. मुलगी उठून दारापर्यंत गेली, चपला पायात सरकवल्या आणि पाठमोरीच म्हणाली, "सकाळी अकराला आहे. ये. आणि कवळी लावून ये."