सर्वांत कमी वीज जाळणारी आत्या

वीज सहकारी संस्थेचं बातमीपत्र काढणाऱ्या संपादकाची मान यंदा ताठ झाली होती. सर्वांत कमी वीज वापरणारी सभासद म्हणून त्याच्या सख्ख्या आत्याचा पहिला नंबर लागला होता. त्याच्या स्वतःच्या घरचं मीटर मात्र चौखूर उधळलेलं. "दिव्याखाली अंधार!" असं अध्यक्ष भर बैठकीत म्हणाले, ते त्याला चांगलंच झोंबलं होतं.

संध्याकाळी तो शेजारीच राहणाऱ्या आत्याकडे मुलाखतीला गेला.

"आत्या, एवढी बचत केलीस तरी कशी? सभासदांना सांगायचंय."

"त्यात काय मोठंसं? मिक्सर, टीव्ही, इस्त्री, सगळं मोडीत काढलं. हा एक दिवा तेवढा ठेवलाय."

"मग तुझं अडत नाही?"

"अडतंय कशाला? तू दिवसभर ऑफिसात, तुझी बायको बिचारी एकटी. वाटणघाटण तिच्या मिक्सरवर करते, कपड्यांना इस्त्री तिथेच फिरवते आणि मालिका आम्ही दोघी मिळून बघतो."

संपादकाने आ वासला. आत्याने कपड्यांचा गठ्ठा काखोटीला मारला, भाच्याला दाराबाहेर काढलं आणि दिव्याचं बटण बंद केलं.

"असा बघतोस काय? खोलीबाहेर पडताना दिवा बंद करावा, तूच छापलं होतंस ना?"