चोवीस व्होल्टचा बल्ब

लीलाधर धुळ्याहून चोपड्यात आला त्याला चार वर्षं झाली, आणि चार वर्षं माझ्या पोटात दुखतंय. यावल रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं काम मी तीस वर्षं करतोय, पण गिऱ्हाईक आता समोर त्याच्या दुकानात बसून चहा पितं. परवा तर माझ्या बायकोने, शेवंताने, तिची स्कूटी माझ्या डोळ्यांदेखत त्याच्याकडे नेली. म्हणे, तो नीट बघतो. मी जळलो, खोटं कशाला बोलू?

त्यात झुलाल आबांच्या अमृतभाऊने वडिलांचा जुना ट्रक चालू करायला लीलाधरला बोलावल्याचं कानावर आलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी गेलो. झुलाल आबांचा तो ट्रक माझ्या हातचा होता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावच्या माहेरवाशिणी आबा याच ट्रकमधून आणायचे. चौदा वर्षांपूर्वी एरंडोलजवळ अंधार पडताना मागून टेम्पो धडकला. आबांचा पाय मोडला, आणि टेम्पोवाला म्हणाला, ट्रकचे मागचे दिवे बंद होते. आबा सांगत राहिले, चालू होते. पोलिसांनी मानलं नाही, घरच्यांनीही नाही. तेव्हापासून ट्रक शेडमध्ये आणि आबा ओट्यावर.

बॅटऱ्या केव्हाच भंगारात गेल्या होत्या. नवीन घ्यायच्या, तर गाडी बारा व्होल्टची की चोवीसची हे आधी कळायला हवं. बाराच्या गाडीला चोवीस दिले तर सगळं जळून जातं. मी बॅटरीच्या रिकाम्या पेटीत डोकावलो. दोन बॅटऱ्यांची जागा होती.

"बारा आनि बारा, चोवीस," मी अमृतभाऊला सांगून टाकलं. "मी तं पह्यलेपासून जानस."

"बारा बी राहू शकस, मगनभाऊ," लीलाधर म्हणाला. "प्लसले प्लस जोडेल व्हई तं दोन बॅटऱ्या मिळीसन बाराच."

त्याने पुढच्या दिव्याचा बल्ब काढला. त्यावर बारा होतं. मागचा डावा दिवा धडकेत गेला होता, उजवा शाबूत होता. त्यातल्या बल्बवर चोवीस निघालं. लीलाधर थांबला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याला अडलेलं पाहिलं, आणि मला असं बरं वाटलं की काय सांगू.

"तो बल्ब मन्हा हातना शे," मी ओट्यापर्यंत ऐकू जाईल असं बोललो. "दोन्ही मांगना दिवा मीच लायेल शेत. टेम्पो धडकना, त्याना आठ दिन आधी. मी काय चुकीना बल्ब लावसू?"

लीलाधर गाडीखाली शिरला. डिझेलच्या फडक्याने त्याने स्टार्टरवरची कंपनीची पट्टी पुसली आणि वाचली. बारा.

"मंग बारावर चोवीसना बल्ब पेटस का?" अमृतभाऊने विचारलं.

"पेटस, पन मंद. दुपारले ते ध्यानमा येत नही. अंधारमा दूरथीन दिसत नही." मग माझ्याकडे न बघता लीलाधर म्हणाला, "नंतर कोनी बदलेल बी व्हई."

तो मला वाट काढून देत होता. त्याचा हा चांगुलपणाही मला सोसवेना. पण मी ते बल्ब भर दुपारी लावले होते. लाल दिसलं, पाना पिशवीत टाकला आणि निघालो, हे मला आठवत होतं.

आबा काठी टेकत शेडपर्यंत आले. "मगन, दिवा चालू व्हतात ना?"

"चालू व्हतात, आबा. मन्हामुळे मंद व्हतात."

आबांनी मुलाकडे पाहिलं. "आयकं ना रे, अमृत?"

अमृतभाऊने मान खाली घातली. आबा मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा बल्ब उचलून खिशात ठेवला आणि लीलाधरच्या खांद्यावर हात टेकला.

"नवा बल्ब तू लाव," ते म्हणाले.