आमचे गाव समुद्रात कोणी टाकले?

साहेब, आमचे अर्धे गाव तुम्ही समुद्रात बुडवले. पूर आला नाही, वादळ आले नाही. तुम्ही खुर्चीत बसून एक शिक्का मारला आणि माशांची तळी, वेताच्या बागा, पूर्वजांच्या अस्थी ठेवलेली लाकडी घरे अशी एकशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणे पाण्याखाली गेली. पाहायला तुम्ही आला नाहीत. साधे विचारलेही नाहीत.

मित्रांनो, दचकू नका. हा राग तुमच्यावर नाही, जमिनीच्या कचेरीतल्या साहेबांवर आहे. तुम्हाला मी माझी हकिगत सांगणार आहे, पण ती सांगताना आवाज चढला तर तेवढे चालवून घ्या.

मी म्हणजे एक म्हातारा संगणक-प्रोग्राम. बोर्निओ बेटावर, काहायान नदीच्या काठी तुंबांग रामेई नावाचे गाव आहे, तिथल्या एका लॅपटॉपमध्ये मी चौदा वर्षे राहतो आहे. लॅपटॉपचे झाकण निखळले, तेव्हा ते वेताच्या पट्टीने बांधले. ते अजून टिकले आहे. गावात मला 'सालकाढ्या' म्हणतात. नाव ऐकून हसू येईल, पण त्याहून नेमके नाव कुठल्या विद्वानालाही सुचले नसते.

मला रिंतिंगने घडवले. ती गावच्या शाळेत गणित शिकवते. प्रोग्राम लिहायला तिला कोणी शिकवले नव्हते. एका पुस्तकाची फोटोकॉपी, तीही मधली पाने नसलेली, एवढेच तिचे भांडवल. मधल्या पानांत काय असेल ते तिने स्वतःच्या डोक्याने भरले. पाच महिने मी चुकत होतो. एकदा तर मी शाळेची इमारत दक्षिण ध्रुवाजवळ नेऊन ठेवली. रिंतिंग हसली, चहा प्यायली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला बसली. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तिची मावशी अंबुन एक दिवस पपनस सोलत बसली होती. तिथे मावशीला मिना म्हणतात.

"अगं, त्या पेटीत डोकं घालून करतेस तरी काय? त्यापेक्षा नवरा शोधला असतास!"

"मिना, पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. गोलाला सपाट कसं करायचं ते याला शिकवतेय."

मिना अंबुनने पपनसाची अर्धी साल जमिनीवर ठेवून तळहाताने दाबली. साल फाटली.

"फाटतंय की हे."

"म्हणूनच उभे, अरुंद काप करायचे. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साठ. आता एकच काप दाब."

मिनाने काप दाबला. तो बिनतक्रार जमिनीला चिकटला. ती खूश झाली. "म्हणजे हे तुझं पोर साल काढतं म्हण की! सालकाढ्या मेला!"

त्या दिवशी माझे बारसे झाले.

माझे काम खरोखर एवढेच आहे. जीपीएस यंत्र उपग्रहांना विचारून गोल पृथ्वीवरचे ठिकाण अंशांत सांगते. अंशांनी बाग मोजता येत नाही. मी त्या अंशांचे मीटर करतो आणि तीन आकडे देतो: पूर्वेकडे किती, उत्तरेकडे किती आणि कितव्या कापावर. तिसरा आकडा सगळ्यांत छोटा, पण जीव त्याच्यात आहे. प्रत्येक कापावर मोजणी नव्याने सुरू होते. त्यामुळे तेच मीटर साठही कापांवर सापडतात. प्रत्येक इमारतीत सात नंबरची खोली असते ना, तसे. इमारत सांगितली नाही, तर पत्र भलत्याच्याच दारात पडते.

आणि एकोणपन्नासावा काप जिथे संपून पन्नासावा सुरू होतो, ती रेघ नेमकी आमच्या गावाच्या रानातून जाते. जमिनीवर तिची काही खूण नाही. माकडे तिच्यावरून उड्या मारतात.

गावाचे रान गावाच्या नावे करून घ्यायचे, तर सरकारी कचेरीला नकाशा द्यावा लागणार होता. तेव्हा गाव कामाला लागले. मित्रांनो, ते काम आठवले की आजही माझा ऊर भरून येतो. तेवीस दिवस माणसे कमरेएवढ्या काळ्या पाण्यातून चालली. दाट पानांखाली यंत्राला उपग्रह सापडेना, म्हणून एकेका जागी अर्धा अर्धा तास निश्चल उभी राहिली. पायांना जळवा लागलेल्या, पण हलायचे नाही. हललात की आकडा हलतो. सगळ्यांच्या पुढे बुए लुहिंग. बुए म्हणजे आजोबा. ते तीस वर्षे गावाचे प्रमुख आहेत. प्रत्येक तळ्याचे नाव, ते कोणी खोदले आणि कोणाच्या लग्नात त्यातले मासे शिजले, हे त्यांना तोंडपाठ. अस्थिघर आले की थांबून तांदूळ वाहायचे, परवानगी मागायची आणि मगच यंत्र वर धरायचे. संध्याकाळी वेताच्या कोंबांचे कालवण आणि भात खाऊन रिंतिंग मला आकडे भरवायची. एकूण चारशे बारा ठिकाणे. एकही मी चुकवले नाही. हे मी मिरवून सांगतो, कारण कष्ट त्यांचे होते.

मग चूक झाली. ती लपवणार नाही. चूक आमचीच होती.

अर्ज भरायच्या आठवड्यात रिंतिंग शहरातल्या दवाखान्यात होती. तिला मुलगी झाली होती. (नवरा मधल्या काळात सापडला होता, मिना अंबुनने शोधला.) छापील अर्जात कापाच्या क्रमांकासाठी चौकोन एकच होता. माझ्या यादीत मात्र निम्म्या ओळींपुढे एकोणपन्नास आणि उरलेल्यांपुढे पन्नास. बुए लुहिंग यादीकडे बघत राहिले.

"हे दोन आकडे कशाला?"

"रिंतिंगनं सांगितलंय, असू द्यात," मिना अंबुन म्हणाली.

"काय असू द्यात? मी तरुण असताना सरकारनं कागदावर असेच दोन आकडे घातले आणि या गावाची दोन गावं केली. भाऊ तिकडं, बहीण इकडं. एकत्र यायला अकरा वर्षं लागली. अस्थिघरांसमोर शपथ घेतलीय आपण, पुन्हा तुकडे होऊ देणार नाही."

"अहो, पण हा पृथ्वीचा काप आहे, गावाचा नाही!"

"कागदावर पृथ्वी आणि गाव यांत फरक राहत नाही, अंबुन."

त्यांनी पेन घेतले आणि एकशे अठ्ठ्याऐंशी ओळींवरचा पन्नास खोडून तिथे एकोणपन्नास लिहिला. हाताने, सुवाच्य अक्षरात. गाव एक राहावे म्हणून.

तेवढ्याने ती ठिकाणे साडेसहाशे किलोमीटर पश्चिमेला सरकली आणि बेलितुंग बेटाजवळच्या समुद्रात पडली. तुमच्या कचेरीने नकाशा काढला, साहेब. वेताच्या बागा लाटांवर तरंगताना तुमच्या पडद्यावर दिसल्या असणार. अस्थिघरे पाण्यात उभी दिसली असणार. तुम्ही काय केलेत? लिहिलेत, "सदर क्षेत्र समुद्रात असल्याने विचारात घेता येत नाही." नकाशावर आमचे तेवढे रान मोकळे दिसले, ते एका कंपनीला लागवडीसाठी देऊन टाकलेत. महिन्याभरात लाल रंगाच्या खुंट्या आमच्या तळ्यांच्या काठावर ठोकल्या गेल्या.

रिंतिंग तान्ह्या मुलीला घेऊन परत आली. खोडलेली यादी तिने पाहिली. बुए लुहिंग समोर मान खाली घालून बसले होते.

"मी बुडवलं गाव," ते म्हणाले.

"बुए, गाव बुडालं नाही, नुसता पत्ता चुकलाय," ती म्हणाली. "तुम्हाला एकच आकडा हवा ना? देते."

तिने मला पुन्हा उघडले आणि एकोणपन्नासाव्या कापाची कड जरा रुंद केली, आमचे सगळे रान मावेल एवढी. साल तिथे थोडी ताणली जाते. किलोमीटरमागे मीटरभर. तो ताण तिने खाली स्पष्ट लिहिला. चारशे बारा ठिकाणे, काप एक, गाव एक. चौदा वर्षांत एवढे सुंदर काम माझ्या हातून दुसरे झाले नाही.

गावाने हरकत घेतली, तुमच्या कचेरीत सुनावणी लागली आणि तिला होडीतून मीही गेलो. बुए लुहिंगांच्या हातात झाकणाची बादली होती. साहेब, तुम्हाला आठवत असेलच. त्यांनी झाकण काढले आणि एक जिवंत मरळ तुमच्या टेबलावर ठेवली.

"आजोबा, हे काय?"

"मासा. तुम्ही लिहिलंय ना, आमच्या तळ्याच्या जागी समुद्र आहे? तिथूनच आणला सकाळी."

"काहीतरीच काय! मरळ गोड्या पाण्यात असते."

"असते ना?" बुए लुहिंग म्हणाले. "हे मी नाही म्हटलं हं. तुम्ही म्हटलंत."

मागे बसलेली मिना अंबुन खो खो हसली. मरळ फायलीवर उडी मारून बसली. मग बुए लुहिंग उभे राहिले.

"साहेब, आकडा मी खोडला. गुन्हा माझा. पण मी शाळेत गेलेलो नाही. तुम्ही गेलाय. समुद्रात वेत कसा उगवला, असं तुमच्या मनात आलं नाही?"

तुम्ही खिडकीकडे पाहिलेत. नवा नकाशा ठेवून घेतलात, पोच दिलीत आणि म्हणालात, "कळवू."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्याहून हुशार, चपळ प्रोग्राम आले आहेत. त्यांचा मला हेवा नाही. त्यांनाही तेच येते जे मला येते. पण आकडा कोणाचाही असो, तो जपून ठेवा. छोटा आहे म्हणून टाकू नका, खोडण्याआधी विचारा. आणि पडद्यावर काही अशक्य दिसले, तर उठून बाहेर जाऊन पाहा. एवढे कराल ना?

आता पुन्हा तुमच्याकडे वळतो, साहेब. 'कळवू' म्हटल्याला सात महिने झाले. काल बुए लुहिंगांनी पावले मोजली. लाल खुंटी त्यांच्या आईच्या अस्थिघरापासून चाळीस पावलांवर आली आहे. गेल्या महिन्यात ती नव्वद पावलांवर होती. नवा नकाशा तुमच्या टेबलावर आहे. फायलीवर मरळीचा डागही असेल.

त्या जागी जमीन आहे की समुद्र? एका शब्दात लिहा आणि खाली सही करा.