सिंहाच्या दातांतला शेंदूर

संस्थान विलीन झालं आणि जहागीरदार बंगल्यातलं सामान लिलावात काढून नाशिकला निघून गेला. त्यातलं एक कपाट मंगळूनं घेतलं. कचेरीत उमेदवार कारकून, जव्हारात दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि कपाट हे एवढं धूड! जुन्या विलायती धर्तीवर कोरलेलं सागवान. दारांवर द्राक्षांचे घोस, माथ्यावर जबडा वासलेला सिंह. द्राक्ष मंगळूनं जन्मात खाल्लं नव्हतं. पण अव्वल कारकून दातार रविवारी चहाला येणार होते. मंगळूला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. पाड्यावरून आलेल्या पोराच्या घरीही असं काही असतं, हे त्यांना दिसायला हवं होतं.

सिंहाच्या दातांत नि आयाळीच्या खाचांत लाल मळ बसला होता. त्या रविवारी मंगळूनं रॉकेलचा बोळा फिरवला, मग चाकूच्या टोकानं सगळा खरवडून खाली पाडला.

तो झाडायच्या आतच बाप दारात उभा. पुंजा खोडाळ्याकडून पायी आला होता. अंगात फाटकी बंडी, डोक्यावर नागलीचं गठुडं.

"बा, आज कशाला आलास?"

बापाला असं विचारतात? पण पुंजानं ऐकलंच नाही. तो कपाटाकडे बघत होता.

"ह्यो वाघोबा आमी आनलेला."

"वाघ नाही तो. सिंह आहे."

"तुमचा असंल. आमचा वाघोबाच. डहाणूच्या टेसनापासून आठ जनांनी खांद्यावर आनला. वेठ व्हती. तुजा थोरला चुलता, जिव्या, घाटात ह्याच्याखाली सापडला. तिथंच गेला. जहागीरदाराचा मानूस म्हनं, आधी कपाट बघा, चरा पडला का! मंग आमी वाघोबाला शेंदूर लावला. आता दुसरा मानूस घेऊ नको म्हनलं." पुंजानं बाजूच्या स्टुलावर चढून सिंहाच्या जबड्यात बोट घातलं. "कुठं रं गेला शेंदूर?"

मंगळूनं खाली पाहिलं. मग पुंजानंही पाहिलं.

तेवढ्यात दातार आले. "वा, मंगळराव! जहागीर मिळाली की काय?" त्यांनी द्राक्षांवरून हात फिरवला. कपाटाच्या पायाशी पुंजा उकिडवा बसला होता. डोक्याचं फडकं पसरून चिमटीचिमटीनं लाल पूड त्यात गोळा करत होता.

"हा कोण? काय उचलतोय?"

दोन शब्दांचं काम होतं. माझा बाप. वेठीला नेलेल्या आठांची जीभ चालली नाही, कारण पाठीवर चाबूक होता. मंगळूच्या पाठीवर काय होतं? इस्त्रीचा सदरा.

"गावाकडचा माणूस आहे, साहेब. केर काढतोय."

पुंजाचा हात थांबला नाही. शेवटची चिमूट उचलून त्यानं फडक्याला गाठ मारली आणि दातारांना म्हणाला, "झाला केर, सायेब."

नागलीचं गठुडं दारापाशी ठेवून तो निघून गेला.

मंगळू कायम झाला. वाघबारशीला, पाड्यावर वाघोबाला पुजतात त्या दिवशी, त्यानं बाजारातून शेंदूर आणला, दार लावून घेतलं, स्टुलावर चढला. बोट शेंदरात बुडवलं. दात लखलखीत होते. बोट तिथवर जाईना. खाली उतरून त्यानं ते बोट सदऱ्याला पुसलं, आणि डाग पडला म्हणून लगेच साबण शोधायला लागला.